तांब्या, पेला आणि दीडशे तास : पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजचं प्रकरण

कॉलेज, हॉस्पिटल, दुकानं आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अभ्यासक्रम समितीत मी स्वतः होते, तेव्हा हे तटस्थपणे लिहिलंय असा माझा दावा नाही.

सुरुवात कशी झाली

आमचा एक माजी विद्यार्थी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडी फार्मसीत लागला होता. रुजू होऊन तिसरा आठवडा. पावसाळ्याचे दिवस, पोराबाळांना जुलाब-उलट्यांची साथ. कडेवर दीड वर्षाचं मूल घेतलेली एक बाई खिडकीशी आली. चिठ्ठीवर ओआरएस होतं. तिने विचारलं, "किती पाण्यात घालायचं?" हा म्हणाला, "एक लिटर."

पुस्तकातलं उत्तर हेच. पण त्याच्या हातातलं पाकीट छोटं होतं, २०० मिलिलिटरचं. मागे बिलं करणाऱ्या मावशींची या खिडकीत वीस वर्षं गेली होती, शिक्षण दहावीपर्यंत. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "अगं थांब, लहान पाकीट आहे ते. पेलाभर पाणी घाल, तांब्याभर नको."

तर काही बिघडलं नाही. बिघडू शकलं असतं. पाचपट पातळ झालेल्या पाण्याने जुलाबातून गेलेले क्षार भरून निघत नाहीत आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. उलट, मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर त्याहून वाईट.

हॉस्पिटलच्या फार्मसीप्रमुखांनी मला फोन केला. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, याला ओआरएस शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. पहिल्याच सेमिस्टरला, इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत. मी त्या मुलाशी बोलले तेव्हा त्याने घटक घडाघडा म्हणून दाखवले : सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. मग जरा थांबून म्हणाला, "पाकिटाकडे बघायचंच राहिलं, मॅडम."

पार्श्वभूमी

पुण्यात फार्मसी म्हटलं की डोळ्यासमोर कंपनी येते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आली, पुढे आजूबाजूला औषध कंपन्या वाढत गेल्या. फार्मसी शिकलेला मुलगा पांढरा कोट घालून प्रॉडक्शनला किंवा क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला, जातो, हे पालकांच्या मनात पक्कं आहे. देशपातळीवरची घडणही फार वेगळी नाही. विद्यापीठात फार्मसी शिकवायला १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरुवात केली, ती औषधी रसायनशास्त्राच्या वाटेने. मूळ रोपच प्रयोगशाळेतलं आहे.

बाहेरचं काम मात्र बदलत गेलं. २००८ साली फार्म. डी. हा रुग्णसेवेवर भर देणारा कोर्स आला. २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं : ठरावीक अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि सवय लावणारी औषधं विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी तर फार्मासिस्टने रुग्णाला काय काय सांगायचं याची यादीच दिली. औषधाचं नाव, ते कशासाठी, कसं आणि किती दिवस घ्यायचं, कोणता त्रास होऊ शकतो, ते कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं. हॉस्पिटलं एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठी औषधांच्या चुकांच्या नोंदी ठेवायला लागली. इन्शुलिन पेन आलं, दम्याच्या 'पंपां'चे (इनहेलरचे) नाना प्रकार आले, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या आल्या. खिडकीतल्या माणसाने बोलल्याशिवाय ही औषधं नीट घेतली जात नाहीत.

आणि अभ्यासक्रमात याला जागा किती? फार्मसी कौन्सिलच्या सेमिस्टर पद्धतीत सातव्या सत्रात 'फार्मसी प्रॅक्टिस' हा विषय येतो. पंचेचाळीस तास, आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल. हॉस्पिटल फार्मसी, दुकानाचं व्यवस्थापन, औषधांचे दुष्परिणाम, रुग्णाशी बोलणं, लॅब रिपोर्ट वाचणं, बजेट, सगळं त्यात कोंबलेलं. प्रात्यक्षिक नाही. त्याच सत्रातल्या उपकरणीय विश्लेषणाला आहे. नावात 'प्रॅक्टिस' असलेला विषय तेवढा फळ्यावर शिकवायचा. मी तो दहा वर्षं तसाच शिकवला, हेही सांगून टाकते.

नेमकी अडचण काय होती

पहिल्या बैठकीत आम्ही प्रश्नच चुकीचा मांडला. "अभ्यासक्रमात काय कमी आहे?" असा विषय ठेवला. मग प्रत्येकाने आपापलं दुकान मांडलं. कोणी बायोसिमिलर म्हणालं, कोणी कृत्रिम बुद्धिमत्ता, कोणी औषधांची ऑनलाइन विक्री. तासाभरात अकरा नवे विषय फळ्यावर होते आणि काढून टाकायला एकही नव्हता.

गाडी रुळावर आणली ती क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या सरांनी, आणि तेही विरोध करता करता. ते म्हणाले, "त्या पोराला ओआरएसची माहिती होतीच की. आणखी माहिती देऊन काय होणार?" बरोबर होतं. त्याला कधी कोणी खऱ्या पाकिटासमोर, खऱ्या बाईसमोर उभं करून प्रश्न विचारला नव्हता. चार वर्षांत एकदाही नाही. आम्ही जे तपासत होतो तेच तो शिकला होता.

त्यांचा दुसरा मुद्दा मला खोडता आला नाही आणि आजही येत नाही. "हॉस्पिटल फार्मासिस्टला पगार किती मिळतो, मॅडम? मुलांच्या आईवडिलांना मी काय सांगू?"

मग प्लेसमेंटची जुनी वही काढली. त्यात एक गोष्ट निघाली जी कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती. प्रॉडक्शनला जाणारी मुलं आम्ही समजत होतो त्यापेक्षा कमी होती. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायला बरीच जात होती. म्हणजे ही मुलं दिवसभर परक्या देशातल्या रुग्णांच्या हकिकती वाचतात, आणि आयुष्यात एकाही रुग्णाशी बोललेली नसतात. सर वही बघून गप्प झाले. पाठिंबा दिला नाही, पण विरोधही थांबवला.

समोर असलेले पर्याय

पहिला, थांबायचं. कौन्सिल कधीतरी अभ्यासक्रम बदलेल, मग आपण बदलू. याला समितीत सगळ्यात जास्त मतं होती. कागदावर ते चुकीचंही नव्हतं, कारण संलग्न कॉलेजला विषय, तास आणि गुण बदलण्याचा अधिकार नाही.

दुसरा, शनिवारचा सर्टिफिकेट कोर्स. तो आम्ही आधी एकदा केला होता. ज्यांना मुळात गरज नव्हती तीच मुलं आली.

तिसरा, फार्म. डी. सुरू करायचं. प्राचार्यांच्या मनात हे होतं. त्याला किमान तीनशे खाटांचं हॉस्पिटल जोडावं लागतं, वेगळे शिक्षक लागतात आणि कोर्स सहा वर्षांचा. ते उत्तम झालं असतं, पण वेगळ्या तीस मुलांसाठी. बी. फार्म.च्या साठ मुलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय नियमपुस्तक वाचताना सापडला. सातव्या सत्रात 'प्रॅक्टिस स्कूल' नावाची गोष्ट आहे. दीडशे तास, सत्रभर विखुरलेले, आठवड्याला बारा. आमच्याकडे त्याचं काय झालं होतं? मुलं एक विषय निवडायची, इंटरनेटवरून माहिती गोळा करायची आणि पंचवीस पानांपर्यंतचा अहवाल तीन प्रतींत बांधून द्यायची. मुखपृष्ठ बदलून गेल्या वर्षीचाच अहवाल आलेला मी दोनदा पकडला होता. पण नियमातलं वाक्य असं आहे की, अहवाल आणि विद्यार्थ्याने मिळवलेलं ज्ञान व कौशल्य यांचं मूल्यमापन कॉलेज पातळीवरचे विषयतज्ज्ञ करतील.

'कौशल्य' आणि 'कॉलेज पातळीवर'. हे दोन शब्द इतकी वर्षं तिथेच होते.

थिअरीच्या पंचवीस अंतर्गत गुणांतही थोडी फट होती. त्यातले दहा सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे : हजेरीचे चार, शैक्षणिक उपक्रमांचे तीन, शिक्षकांशी संवादाचे तीन. उपक्रमांच्या उदाहरणांत क्षेत्रकार्य स्पष्ट लिहिलेलं आहे. तीन गुण म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. तीन गुणांसाठी मुलं काय काय करतात ते शिकवणाऱ्याला विचारा.

चौथा पर्याय घेतला. वरून कोणाची परवानगी लागत नव्हती, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. सगळ्यात मोठी कमजोरीही तीच निघाली, पण ते पुढे येईल.

काय केलं

यादी आधी, माणसं नंतर

विद्यार्थ्याला काय काय यायला हवं याची यादी करायला आम्ही तीन महिने घेतले. चौसष्ट कलमं झाली. सुंदर तक्ता होता, रंगीत. तो घेऊन कोथरूडमधल्या एका जुन्या मेडिकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून तो वाचला आणि म्हणाले, "ताई, माझ्या दुकानात एवढं मलाही येत नाही."

चौसष्टची नऊ झाली. ती २०१५ च्या विनियमांतल्या यादीवरूनच काढली. चिठ्ठी वाचून शंका आली तर डॉक्टरांना फोन करता येणं, रुग्ण आधीपासून काय घेतोय ते विचारून काढणं, पंप वापरून दाखवणं, पाकीट हातात देताना चार वाक्यं बोलणं, चिठ्ठीशिवाय मागितलेलं औषध नाकारणं, दुष्परिणामाचा फॉर्म भरणं, अशी.

वेळ

पहिल्या तुकडीला आम्ही दुपारी अकरा ते तीन दुकानांत पाठवलं, कारण कॉलेजच्या वेळापत्रकात तेवढंच बसत होतं. दोन आठवड्यांनी काकांचा फोन, "तुमची पोरं येतात तेव्हा मी माश्या मारत असतो. गिऱ्हाईक असतं सहा ते नऊ. तेव्हा पाठवा."

यावर समितीत जेवढं भांडण झालं तेवढं अभ्यासक्रमाच्या आशयावर झालं नव्हतं. हॉस्टेलचं गेट, पीएमपीच्या शेवटच्या बसा, मुलींचे पालक. एका वडिलांनी मला ऐकवलं, "दुकानात उभं राहायला पोरीला फार्मसीला घातलं का?" शेवटी आठवड्यातून तीन संध्याकाळी तीन तीन तास आणि शनिवारी सकाळी तीन तास, असे बारा ठरले. दुकानं मुलांच्या घराजवळची किंवा हॉस्टेलजवळची, आणि जोडीने जायचं. अर्धी मुलं हॉस्पिटलमध्ये, अर्धी दुकानात, सहा आठवड्यांनी अदलाबदल.

दुकानं निवडताना एकच अट कडक ठेवली : नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः हजर हवा. भिंतीवर सर्टिफिकेट लटकलंय आणि माणूसच नाही, अशा ठिकाणी नाही. पहिली यादी या एका अटीने निम्म्याहून कमी झाली.

भाषा

हा भाग आमच्या कोणत्याच तक्त्यात नव्हता. रुग्णाशी बोलण्याचा सराव घेतला तेव्हा मुलं बोलायला लागली, "आपण सदर औषधाचे सेवन भोजनापूर्वी करावे." माझ्या समोर कोकणातून आलेला, घरी अस्सल मालवणी बोलणारा मुलगा आकाशवाणीच्या बातम्या देत होता! विषय इंग्रजीत शिकला, त्यामुळे त्याचं मराठी करायचं म्हटलं की त्याला सरकारी परिपत्रकाचंच आठवायचं.

मग त्या बिल करणाऱ्या मावशींनाच बोलावलं. त्यांनी दोन तासांत जे शिकवलं ते मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. 'उपाशीपोटी' म्हटलं तर पुरत नाही, 'चहाच्याही आधी' म्हणायचं, कारण आपल्याकडे चहा खाण्यापिण्यात धरत नाहीत. थायरॉइडची गोळी लोक इमानाने 'उपाशीपोटी' घेतात, कपभर चहाबरोबर. 'दोन वेळा' म्हटलं तर बाई दुपारी आणि रात्री घेते, म्हणून 'सकाळी आणि रात्री' म्हणायचं. आणि साखरेच्या माणसाला विचारायचंच, "उपवास करता का?"

त्या एका प्रश्नावर मी पुढे पूर्ण ट्युटोरियल घेतलं. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणारे काका संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत, पण गोळी मात्र न चुकता सकाळी घेतात, कारण डॉक्टरांनी 'चुकवू नका' सांगितलंय. साखर धाडकन उतरू शकते. दुसरे काका उपवास म्हणून गोळी सोडतात आणि साबुदाणा खिचडी व बटाटा दोनदा खातात, त्यांची साखर चढते. फार्मासिस्टने डोस स्वतः बदलायचा नाही. त्याने विचारायचं, धोका सांगायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. औषधशास्त्राच्या पेपरात सल्फोनिलयुरियाचं, म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच गटातल्या औषधांचं, कार्य दहा गुणांना लिहिणाऱ्या मुलांना संकष्टीचा आणि त्याचा संबंध असतो हे नवीन होतं. माझ्या घरी दोघं मधुमेही आहेत, आणि मलाही तो वर्गात कधी सांगावासा वाटला नव्हता.

परीक्षा

अहवालाचं वजन कमी केलं आणि शेवटी सहा टेबलं मांडली, प्रत्येकी सात मिनिटं. पद्धत आमची नाही. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ती १९७५ मध्ये मांडली आणि जगभर चालते. रुग्णाच्या भूमिकेत कॉलेजचे निवृत्त लिपिक, मेसच्या काकू, एका सरांची आई.

एका टेबलावर ओआरएसची दोन्ही पाकिटं. एकावर संकष्टीवाले काका. एकावर रिकामा पंप. एकावर संधिवाताची चिठ्ठी, मेथोट्रेक्सेट 'रोज एक'. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदा देतात. रोज घेतलं तर अस्थिमज्जा दबते, तोंड सोलवटून निघतं आणि जीवही जाऊ शकतो. तिथे विद्यार्थ्याने गोळ्या द्यायच्या नसून फोन उचलायचा असतो. पाचव्यावर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारा 'नेहमीचा गिऱ्हाईक'. सहाव्यावर दुष्परिणामाचा फॉर्म.

पहिल्या वर्षी एकाच मुलीला मेथोट्रेक्सेटच्या टेबलावर एका परीक्षकाने दहापैकी नऊ दिले आणि दुसऱ्याने चार. पहिल्याने पाहिलं की तिने चूक पकडली. दुसऱ्याने पाहिलं की फोनवर ती डॉक्टरांना "सर, सॉरी सर, चुकून असेल सर" म्हणत राहिली आणि मुद्द्यावर आलीच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. गुणपत्रिका नव्याने बांधावी लागली : चूक ओळखण्याचे वेगळे गुण, ती सांगण्याचे वेगळे.

जिथे चुकलो

नोंदवही. प्रत्येक मुलाने दुकानात काय पाहिलं ते रोज लिहायचं, मालकाने सही करायची, असं ठरवलं होतं. कागदावर चोख. दुसऱ्या महिन्यात एक मुलगा केबिनमध्ये आला. म्हणाला, "मॅडम, काल दुकानात चार जणांना चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक, दिलं. मी वहीत काय लिहू? आणि परीक्षेत त्या टेबलावर काय उत्तर देऊ?"

मी त्याला सांगितलं, जे पाहिलंस ते लिही. मालकाने वही वाचली. दुसऱ्या दिवशी दोन मुलांना परत पाठवलं, आठवडाभरात त्यांच्या ओळखीची आणखी तीन दुकानं गळाली. त्यांचं म्हणणंही ऐकलं. एक जण म्हणाला, "मी नाही म्हटलं तर तो पलीकडच्या दुकानात जातो, आणि महिन्याचं बीपी-शुगरचं बिल पण तिकडेच जातं. तुम्ही शिकवा, पण माझ्याच वहीत माझ्याविरुद्ध पुरावा नका तयार करू."

मुलाला खरं लिहायला सांगितलं याचा पश्चात्ताप नाही. पण त्या वहीवर त्याच मालकाची सही मागणं ही माझी मूर्खपणाची चूक होती. आता वहीत फक्त केलेल्या कामाची नोंद असते. पाहिलेल्या गोष्टींवर दर शनिवारी वर्गात बोलतो, दुकानाचं नाव न घेता. तिथे बसून मुलं वाक्यं शोधतात. "नाही मिळणार" असं तोडून न म्हणता गिऱ्हाईकाला काय सांगता येईल? एका मुलीने शोधलेलं वाक्य अजून वापरतो : "काका, ताप किती दिवसांचा आहे? तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा, तोवर ही तापाची गोळी पुरे." औषध नाकारलं गेलं आणि गिऱ्हाईक दुकानातच राहिलं. सगळ्यांवर चालतं असं नाही.

दुसरी चूक म्हणजे फुकट हमाली. काही ठिकाणी मुलं तीन आठवडे एक्स्पायरी काढत बसली. एक्स्पायरी काढणंही शिकायला हवं, पण तीन आठवडे नव्हे. दुकानदाराला मानधन काहीच देत नव्हतो, त्यामुळे त्याला जाब विचारायला तोंड नव्हतं.

काय झालं

हॉस्पिटलच्या बाजूने फळ लवकर दिसलं. वॉर्डात दाखल झालेल्या रुग्णाला "घरी काय घेता?" विचारून, पिशवीतल्या पट्ट्या बघून यादी करायचं काम मुलांना दिलं होतं. सर्जरीचे एक डॉक्टर सुरुवातीला "माझ्या वॉर्डात गर्दी नको" म्हणाले होते. एका रुग्णाच्या पिशवीत रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली, आणि वॉर्डातून तीच तिसऱ्या नावाने सुरू होती. त्या दिवसानंतर त्यांनी विरोध केला नाही. उलट आता मुलं आली नाहीत तर विचारतात.

दुकानांचं चित्र मिश्र आहे. ज्या मालकांची स्वतःची मुलं फार्मसी शिकतायत ते टिकले. बाकीचे येतात-जातात.

नोकऱ्यांच्या बाबतीत सरांचंच खरं ठरलं. पगार आम्ही वाढवू शकत नाही. टेबलांवर उत्तम बोलणारी मुलगीही शेवटी खराडीच्या ऑफिसात जाते, आणि तिने जाऊ नये असं मी तिला म्हणू शकत नाही. तिने एवढं कळवलं की नोंदी वाचताना आता तिला "रुग्णाला नेमकं काय विचारलंच गेलं नाही" ते दिसतं.

कोणाची परवानगी लागली नाही याची किंमत यंदा कळली. प्राचार्य बदलले. नवीन प्राचार्यांनी विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. दोन शब्दांच्या आधारावर सगळं उभं होतं. दीडशे तास पुन्हा अहवालाकडे वळता वळता राहिले.

पुन्हा करायचं झालं तर

सातव्या सत्रापर्यंत थांबणार नाही. तोवर मुलांना गप्प राहण्याची तीन वर्षांची सवय झालेली असते. पहिल्या सत्रात ओआरएस शिकवतानाच दोन पाकिटं आणि एक तांब्या टेबलावर ठेवता येतो. त्याला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही, आणि ते आता केमिस्ट्रीचे सर स्वतः करतात.

यादी करायच्या आधी दुकानांत जाईन. तीन महिने तक्ता रंगवण्यापेक्षा तीन संध्याकाळी काकांच्या काउंटरमागे उभी राहीन.

पहिल्याच वर्षी सगळं लेखी करून कॉलेजच्या शैक्षणिक समितीत ठराव करून घेईन, म्हणजे माणूस बदलला तरी काम राहील. तो ठराव आता झालाय, उशिरा.

आणि पैशांची तरतूद आधी करेन. दुकानदारांना थोडं मानधन आता मिळतं. मावशींचं मात्र अडलं. त्या दर सत्राला सहा तास घेतात, परीक्षेला दिवसभर टेबलावर बसतात. तज्ज्ञ व्याख्यात्याच्या मानधनाचं त्यांचं व्हाउचर हिशेब विभागातून दोनदा परत आलं, कारण 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात 'दहावी' लिहिलं होतं आणि त्या सदरात पदव्युत्तर लागतं. तिसऱ्यांदा लिपिकानेच तोड सुचवली. सध्या त्यांचे पैसे 'किरकोळ खर्च' या सदरातून निघतात, चहा-बिस्किटांच्या खालच्या ओळीत.